उत्तराला प्रश्न आठवायला हवा: जावा वेब सर्व्हिस आणि इंटरसेप्टर

बेंगळुरूहून बोलतोय. ऐकणाऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईचे आहेत, नागपूरचे आहेत, बेळगाव-हुबळीचे आहेत, हैदराबाद आणि इंदूरचेही आहेत. जावावर काम करणारे बरेच असणार, म्हणून थेट विषयाला हात घालतो.

प्रश्न ऐकायला लहान आहे. जावामध्ये एक वेब सर्व्हिस आहे. तिच्याकडे रिक्वेस्ट येते, तिच्यासोबत काही पॅरामीटर येतात. सर्व्हिस आपलं काम करते, रिस्पॉन्स तयार होतो आणि बाहेर पडण्याआधी तो एका इंटरसेप्टरमधून जातो. त्या इंटरसेप्टरमध्ये उभं राहून मला विचारायचंय की बाबा, हे उत्तर ज्या प्रश्नाचं आहे, त्या प्रश्नात काय लिहिलं होतं?

हे विचारायची गरज कुठे पडते? पहिलं कारण, रिक्वेस्टसोबत आलेला व्यवहार क्रमांक उत्तरात जसाच्या तसा परत पाठवायचा असतो. दुसरं, रिक्वेस्टमध्ये भाषा मराठी किंवा कन्नड सांगितलेली असते आणि त्रुटीचा संदेश त्या भाषेत द्यायचा असतो. तिसरं, कोणी काय मागितलं आणि आपण काय दिलं, याची एका ओळीत नोंद ठेवायची असते. ही कामं प्रत्येक मेथडमध्ये लिहायची म्हटली तर चाळीस मेथडमध्ये चाळीस वेळा तोच कोड येतो आणि एकेचाळिसावी मेथड लिहिणारा तो टाकायला विसरतो. म्हणून आपण ते इंटरसेप्टरमध्ये ठेवतो, एकाच जागी. आणि तिथे पोचल्यावर कळतं की हातात रिस्पॉन्स आहे, पण रिक्वेस्ट दिसत नाही.

कोड मी पडद्यावर टाकणार नाही. क्लासची आणि मेथडची नावं सांगेन, ती डॉक्युमेंटेशनमध्ये सहज सापडतात. मला तुमच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसवायचंय. ते बसलं की फ्रेमवर्क कुठलंही असो, तुम्ही योग्य जागी हात घालाल.

आधी एक खरं उदाहरण घेऊ. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्र इथे बेंगळुरूत आहे. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो मात्र आपल्याकडे, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. आधारच्या आतला कोड कसा लिहिलाय हा आपला विषय नाही. पण आधार पडताळणीच्या एपीआयचं स्पेसिफिकेशन सार्वजनिक आहे, कोणीही वाचू शकतं. पडताळणी मागणारी संस्था एक्सएमएल रिक्वेस्ट पाठवते. तिच्यात 'टीएक्सएन' नावाचं एक ॲट्रिब्यूट असतं. हा त्या संस्थेने स्वतः दिलेला व्यवहार क्रमांक. उत्तरात काय येतं? 'रेट', म्हणजे हो किंवा नाही. 'कोड', म्हणजे प्राधिकरणाने त्या उत्तराला दिलेला स्वतःचा क्रमांक. 'टीएस', म्हणजे वेळ. आणि पुन्हा तोच 'टीएक्सएन'. रिक्वेस्टमध्ये जो पाठवला, अगदी तोच.

आता विचार करा, तो परत कशाला पाठवायचा? पाठवणाऱ्याला तो माहीतच होता की. कारण असं की, उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असेल, तर ते कोणाबद्दलचं आहे हे उत्तरावरून कळत नाही. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र डोळ्यांसमोर आणा. एक आजी अंगठा लावते. त्याच क्षणी दुसऱ्या तालुक्यात आणखी कोणी अंगठा लावलाय. मधल्या कुठल्यातरी सर्व्हरवर दोन उत्तरांची अदलाबदल झाली, तर आजीला 'नाही' ऐकू येईल आणि ती धान्य न घेता घरी जाईल. यंत्राकडे टीएक्सएन असेल, तर ते निदान म्हणू शकतं की हे उत्तर माझ्या प्रश्नाचं नाही, पुन्हा विचारतो. क्रमांक लहानसा आहे, पण त्याच्या मागे कोणाचं तरी महिन्याचं धान्य उभं आहे.

ज्यांनी रजिस्टर पत्रं टाकली आहेत त्यांना पोचपावती आठवत असेल. पत्र टाकतानाच ते कार्ड पाकिटाला जोडलेलं असायचं. त्यावर आपला पत्ता आपणच लिहायचो. पलीकडच्या माणसाने सही केली की पोस्टमन तेवढंच कार्ड परत आणायचा. परत येताना पत्ता शोधावा लागत नसे, कारण जातानाच तो सोबत दिलेला होता. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार याच्यात आहे. परतीच्या वाटेवर जे लागणार आहे, ते येतानाच्या वाटेवर, त्याच एका व्यवहाराला बांधून ठेवायचं. शेवटी शोधाशोध करायची नाही.

आता जावामध्ये 'त्याच व्यवहाराला बांधणं' म्हणजे नेमकं कशाला बांधणं? प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स या दोघांना धरून ठेवणारी एक वस्तू असते. तिचं नाव वेगळं, काम तेच. एकेक करून बघू.

सर्वांत खाली सर्व्हलेट फिल्टर. त्याच्या 'डूफिल्टर' मेथडला रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दोन्ही मिळतात. मधे 'चेन डॉट डूफिल्टर' ही ओळ येते. त्या ओळीच्या वर लिहिलेलं येताना चालतं, खाली लिहिलेलं जाताना चालतं. मेथड एकच असल्यामुळे खालच्या भागातही रिक्वेस्टचं व्हेरिएबल तुमच्या हातात असतंच. इथे प्रश्न जवळजवळ उरत नाही. फक्त एक बघायचं: खालच्या भागात पोचेपर्यंत रिस्पॉन्स कदाचित रवाना झालेला असतो. तेव्हा हेडर घालायचं असेल तर ते वरच्या भागातच घाला.

त्याच्या वर जॅक्स-आरएस. 2013 मध्ये जॅक्स-आरएस 2.0 आलं आणि फिल्टर व इंटरसेप्टर प्रमाणित झाले. त्याआधी जर्सीची पद्धत वेगळी होती, सीएक्सएफची वेगळी. 2020 च्या जकार्ता ईई 9 पासून पॅकेजचं नाव 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता' झालं, पण वागणूक तीच राहिली.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी दूर करू. 'कंटेनररिस्पॉन्सफिल्टर' वेगळा आणि 'रायटरइंटरसेप्टर' वेगळा. रिस्पॉन्स फिल्टरच्या मेथडला दोन आर्ग्युमेंट असतात: पहिलं रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट, दुसरं रिस्पॉन्सचा. म्हणजे ज्यांनी हे प्रमाण लिहिलं, त्यांनी ओळखलं होतं की उत्तर हाताळणाऱ्याला प्रश्न लागणारच. पहिल्या आर्ग्युमेंटवर 'गेटयूआरआयइन्फो' म्हणा, त्यावर 'गेटक्वेरीपॅरामीटर्स' म्हणा, पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचं सगळं मिळेल. 'गेटपाथपॅरामीटर्स' म्हणा, पत्त्याच्या वाटेतले भाग मिळतील. हेडरसुद्धा तिथेच आहेत.

रायटर इंटरसेप्टरचं तसं नाही. तो उत्तराचा मजकूर बाइटमध्ये लिहिला जाताना मधे उभा असतो. त्याला रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट मिळत नाही. पण 'गेटप्रॉपर्टी' मिळतं. रिक्वेस्ट फिल्टरमध्ये 'सेटप्रॉपर्टी' करून ठेवलेली वस्तू रायटर इंटरसेप्टरमध्ये 'गेटप्रॉपर्टी' करून काढता येते, कारण हा प्रॉपर्टींचा गठ्ठा त्या एका व्यवहाराचा असतो आणि फिल्टरपासून इंटरसेप्टरपर्यंत सगळ्यांना सामायिक असतो. हीच आपली पोचपावती.

आणखी एक फरक. उत्तराला मजकूरच नसेल, म्हणजे 204 सारखं रिकामं उत्तर असेल, तर रायटर इंटरसेप्टर बोलावलाच जात नाही. लिहायलाच काही नाही, तर लेखनिक कशाला येईल? म्हणून व्यवहार क्रमांक हेडरमधून परत द्यायचा असेल तर तो रिस्पॉन्स फिल्टरमध्ये द्या. मजकुराला हात लावायचा असेल तरच रायटर इंटरसेप्टरकडे जा.

आता सीएक्सएफ. सोप सर्व्हिस अजून खूप ठिकाणी चालतात. बँका, विमा, सरकारी खाती, जुन्या कंपन्यांची आतली कामं. अपाचे सीएक्सएफ हे सेल्टिक्स आणि एक्सफायर या दोन प्रकल्पांच्या विलीनीकरणातून झालं, नावातही त्या दोघांचा अंश आहे. त्याची रचना इंटरसेप्टरच्या साखळ्यांची आहे. आत येणारी एक साखळी, बाहेर जाणारी दुसरी. प्रत्येक साखळीत टप्पे ठरलेले. बाहेर जाणाऱ्या साखळीत तुम्ही इंटरसेप्टर लिहिलात की 'हँडलमेसेज' मेथडला एक मेसेज मिळतो. बहुतेक जण त्या मेसेजलाच विचारतात, 'क्वेरी स्ट्रिंग दे'. उत्तर येतं, नल.

नल का? कारण तो मेसेज बाहेर जाणारा आहे. त्याला क्वेरी स्ट्रिंग नाहीच, ती आत येणाऱ्या मेसेजची होती. दोघांना एकत्र धरणारी वस्तू म्हणजे 'एक्स्चेंज'. हातातल्या मेसेजला 'गेटएक्स्चेंज' म्हणा, एक्स्चेंजला 'गेटइनमेसेज' म्हणा आणि मग त्या मेसेजला क्वेरी स्ट्रिंग मागा. मिळेल. सोपच्या बाबतीत, मेथडला दिलेली आर्ग्युमेंट हवी असतील तर त्याच आत येणाऱ्या मेसेजला 'गेटकन्टेन्ट' करून लिस्ट मागा. बाहेरच्या मेसेजला तीच लिस्ट मागितलीत तर मेथडने परत केलेली व्हॅल्यू मिळते. नाव एकच, मेसेज वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ती लिस्ट म्हणजे आर्ग्युमेंटची झेरॉक्स नव्हे, तेच ऑब्जेक्ट आहेत. सर्व्हिसच्या मेथडने मधे त्यांच्यात बदल केला असेल, तर परतीच्या वाटेवर तुम्हाला बदललेलं रूप दिसेल. माणसाने पाठवलेलं मूळ हवं असेल, तर आत येताना लागणारी तेवढी स्ट्रिंग काढा आणि एक्स्चेंजमध्ये स्वतःच्या नावाने 'पुट' करून ठेवा.

जॅक्स-डब्ल्यूएसचे हँडलर वापरत असाल तर तिथे 'मेसेजकॉन्टेक्स्ट' हीच पोचपावती. एकच हँडलर जाता-येता दोन्ही वेळा बोलावला जातो. 'मेसेज आउटबाउंड प्रॉपर्टी' खरी की खोटी यावरून दिशा कळते. सर्व्हरच्या बाजूला खोटी म्हणजे रिक्वेस्ट, खरी म्हणजे रिस्पॉन्स. रिक्वेस्टच्या वेळी कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा, रिस्पॉन्सच्या वेळी काढा.

आणि स्प्रिंग. इथे नावामुळे फसगत होते. 'हँडलरइंटरसेप्टर'मध्ये 'पोस्टहँडल' नावाची मेथड आहे. नाव वाचून वाटतं, उत्तर बदलायची जागा हीच. पण रेस्ट कंट्रोलरमध्ये पोस्टहँडलपर्यंत पोचेतो उत्तर लिहून झालेलं असतं, हे स्प्रिंगच्या डॉक्युमेंटेशनमध्येच स्पष्ट लिहिलंय. तिथे हेडर घालायला गेलात तर उशीर झालेला असतो. उत्तराचा मजकूर लिहिला जाण्याआधी हात लावायचा असेल तर 'रिस्पॉन्सबॉडीॲडव्हाइस' वापरा. त्याच्या 'बिफोरबॉडीराइट' मेथडला रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दोन्ही मिळतात.

इतकं ऐकून तुम्ही म्हणाल, मग अवघड काय आहे? अवघड तीन ठिकाणी आहे: रिक्वेस्टचा मजकूर, चुकीची जागा आणि त्रुटीची वाट.

पहिलं, मजकूर. क्वेरी पॅरामीटर पत्त्यात असतात, ते केव्हाही वाचता येतात. पण पॅरामीटर रिक्वेस्टच्या मजकुरात असेल, म्हणजे जेसन किंवा एक्सएमएलमध्ये, तर तो मजकूर एका प्रवाहातून येतो. तो प्रवाह एकदाच वाचता येतो. बेंगळुरूत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवतात. टाकीत पाणी सोडलं की टँकर रिकामा. नंतर टँकरकडे जाऊन पाणी मागण्यात अर्थ नाही, टाकीतून घ्या. रिस्पॉन्स फिल्टरमध्ये रिक्वेस्टचा प्रवाह पुन्हा वाचायला जाणं म्हणजे रिकाम्या टँकरला नळी लावणं.

उलटाही प्रकार होतो. फॉर्म पोस्ट होऊन आलाय आणि वरच्या सर्व्हलेट फिल्टरमध्ये कोणी लॉगसाठी 'गेटपॅरामीटर' म्हटलं, तर सर्व्हलेट कंटेनर पॅरामीटर शोधायला मजकूर वाचून टाकतो. आतल्या सर्व्हिसला मग फॉर्म रिकामा मिळू शकतो. बाहेरच्या दारावर लॉग लिहिणाऱ्याने घरातलं पाणी संपवलं, असा तो प्रकार.

यावर दोन उपाय. एक, प्रवाह वाचून मेमरीत ठेवायचा आणि आतल्यांसाठी नवा प्रवाह लावून द्यायचा. जॅक्स-आरएसमध्ये 'सेटएंटिटीस्ट्रीम' त्यासाठीच आहे. स्प्रिंगमध्ये 'कन्टेन्टकॅशिंगरिक्वेस्टरॅपर' आहे, पण नीट लक्षात घ्या, तो स्वतःहून काही वाचत नाही. आतल्यांनी जेवढं वाचलं तेवढ्याचीच तो प्रत ठेवतो. म्हणून त्याच्याकडे मजकूर मागायचा तो साखळी चालून झाल्यावर, आधी मागितलात तर रिकामा मिळेल. दोन्हींत मेमरी खर्च होते. कोणी मोठी फाइल अपलोड केली तर तुम्ही एका व्यवहार क्रमांकासाठी अख्खी फाइल मेमरीत धरून बसाल.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. मजकूर एकदा वाचून त्याचा ऑब्जेक्ट बनतोच, ते काम फ्रेमवर्क करतंच. तो बनल्याबरोबर त्यातली लागणारी एक-दोन मूल्यं प्रॉपर्टीत ठेवा. जॅक्स-आरएसमध्ये 'रीडरइंटरसेप्टर' ही त्याची जागा. 'प्रोसीड' म्हटलं की वाचलेला ऑब्जेक्ट परत मिळतो, त्यातून टीएक्सएन काढा, 'सेटप्रॉपर्टी' करा, ऑब्जेक्ट पुढे द्या. टँकर एकदाच रिकामा झाला आणि तुमचा तांब्या भरला. आणि शक्य असेल तर एपीआय आखतानाच व्यवहार क्रमांक हेडरमध्ये मागा, म्हणजे मजकूर उघडायचीच गरज नाही.

दुसरं, चुकीची जागा. हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. अशी कल्पना करा की कोणी इंटरसेप्टरच्या क्लासमध्येच एक फील्ड केलं, 'स्ट्रिंग टीएक्सएन'. येताना त्यात लिहिलं, जाताना त्यातून वाचलं. स्वतःच्या लॅपटॉपवर तपासलं, बरोबर चाललं. टेस्टिंगवाल्यांनी एकेक करून तपासलं, बरोबर चाललं. आणि प्रत्यक्ष वापरात, गर्दीच्या वेळी, एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या उत्तरात जाऊ लागला.

असं का होतं? कारण अशा इंटरसेप्टरचा ऑब्जेक्ट अख्ख्या ॲप्लिकेशनसाठी एकच असतो. जॅक्स-आरएसच्या प्रमाणात प्रोव्हायडरबद्दल तसंच सांगितलंय, सीएक्सएफमध्ये आणि स्प्रिंगमध्येही सहसा तेच. आजीची रिक्वेस्ट आली, फील्डमध्ये 101 लिहिला. सर्व्हिस काम करत असतानाच दुसऱ्याची रिक्वेस्ट आली, त्याच फील्डमध्ये 102 लिहिला. आजीचं उत्तर निघालं तेव्हा फील्डमध्ये 102 आहे. आजीच्या उत्तरावर शेजाऱ्याचा क्रमांक. ही चूक लॉगमध्ये लाल अक्षरांत दिसत नाही. एक्सेप्शन येत नाही. सगळं 200 ओके.

मग कोणी म्हणतं, प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा थ्रेड असतो, 'थ्रेडलोकल' वापरू. फील्डपेक्षा हे बरं, पण यातही दोन फटी आहेत. पहिली, थ्रेड नवे जन्मत नाहीत, ते पूलमधले असतात. टॉमकॅटमध्ये तर कमाल थ्रेड मुळात 200 ठरवलेले असतात आणि तेच पुन्हापुन्हा वापरले जातात. काम झाल्यावर 'रिमूव्ह' केलं नाहीत, तर पुढच्या माणसाला मागच्या माणसाचं मूल्य मिळतं. खानावळीतलं ताट न धुता पुढच्याला वाढल्यासारखं. दुसरी फट, असिंक्रोनस काम. रिक्वेस्ट एका थ्रेडवर आली, 'असिंकरिस्पॉन्स' धरून ठेवला आणि 'रिझ्यूम' दुसऱ्याच थ्रेडवरून झालं. त्या थ्रेडच्या खिशात आजीचा क्रमांक नाहीच. 2023 मध्ये जावा 21 सोबत व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. प्रत्येक कामाला ताजा थ्रेड मिळाला तर उष्ट्या ताटाचा प्रश्न कमी होतो. काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर गेलं तर काय, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून नियम असा: मूल्य थ्रेडला बांधू नका, क्लासला बांधू नका, व्यवहाराला बांधा. रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट, एक्स्चेंज, मेसेज कॉन्टेक्स्ट, सर्व्हलेट रिक्वेस्टचं ॲट्रिब्यूट, यांतलं जे तुमच्या फ्रेमवर्कमध्ये असेल ते.

व्यवहार जर एका रिक्वेस्टमध्ये संपतच नसेल, तर? यूपीआय घ्या. 11 एप्रिल 2016 ला ते जाहीर झालं, आज इथल्या चहाच्या टपरीवर क्यूआर कोड नसेल तर माणूस चमकतो. यूपीआयच्या स्पेसिफिकेशनमध्ये बँक 'रेकपे' पाठवते, त्याला लगेच फक्त 'ॲक' मिळतो, म्हणजे 'मिळालं, बघतो'. खरं उत्तर, 'रेस्पपे', नंतर वेगळ्या निरोपातून येतं आणि त्यात 'रेकमेसेजआयडी' असतो: कुठल्या मागणीचं हे उत्तर आहे, तिचा क्रमांक. इथे कुठलाही इंटरसेप्टर मदतीला येणार नाही, कारण पहिली एचटीटीपी रिक्वेस्ट केव्हाच संपली. अशा वेळी पोचपावती डेटाबेसमध्ये किंवा कॅशमध्ये ठेवायची आणि क्रमांकावरून शोधायची. तत्त्व तेच, साठवणीची जागा मोठी.

तिसरं, त्रुटीची वाट. सगळं सुरळीत झालं तेव्हा क्रमांक परत गेला नाही तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते काहीतरी फसलेलं असताना, कारण तेव्हाच माणूस फोन करून विचारतो, 'माझ्या व्यवहाराचं काय झालं?' आणि नेमका तेव्हाच आपला इंटरसेप्टर गैरहजर असतो.

सीएक्सएफमध्ये फॉल्टची बाहेर जाणारी साखळी वेगळी असते. तुम्ही इंटरसेप्टर फक्त साध्या बाहेरच्या साखळीत लावला असेल, तर फॉल्टच्या वेळी तो चालणार नाही. दोन्हीकडे लावा. जॅक्स-डब्ल्यूएसच्या हँडलरमध्ये 'हँडलफॉल्ट' वेगळी मेथड आहे, तिच्यातही लिहा.

जॅक्स-आरएसमध्ये समजा ओळख तपासणारा फिल्टर 'अबॉर्टविथ' करून रिक्वेस्ट तिथेच अडवतो. मग त्याच्या पुढचे रिक्वेस्ट फिल्टर चालत नाहीत, पण रिस्पॉन्स फिल्टर चालतात. तुमचा प्रॉपर्टी ठेवणारा फिल्टर जर पुढे असेल तर परतीला प्रॉपर्टी नल. उपाय म्हणजे प्रायॉरिटी. येताना लहान आकडा आधी चालतो, जाताना मोठा आकडा आधी चालतो. ओळख तपासणीचा ठरलेला आकडा 1000 आहे. तुमच्या फिल्टरला 1000 पेक्षा कमी आकडा द्या. म्हणजे तो आत येताना दारात पहिला भेटेल आणि बाहेर जाताना दारात शेवटचा भेटेल.

पत्ताच चुकला असेल, 404, तर सर्वांना लागू असलेले रिस्पॉन्स फिल्टर चालतात, पण ॲनोटेशनने ठरावीक मेथडला बांधलेले चालत नाहीत, कारण मेथडच सापडली नाही. पाथ पॅरामीटरही तेव्हा रिकामे. आणि एक्सेप्शनला मॅपर नसेल तर ते थेट सर्व्हलेट कंटेनरपर्यंत जाऊ शकतं आणि तिथलं एरर पान आपल्या क्रमांकाशिवाय बाहेर पडतं. म्हणून सगळं झेलणारा एक एक्सेप्शन मॅपर ठेवा.

आणि मजकूर इतका मोडका आला की टीएक्सएन वाचताच आला नाही, तर? तर तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. आधारच्या उत्तरात 'टीएक्सएन' आणि 'कोड' असे दोन क्रमांक आहेत, हे मघाशी सांगितलं. एक विचारणाऱ्याचा, एक सांगणाऱ्याचा. तक्रार आली की दोघांकडे बोट ठेवायला जागा असते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो कोडपेक्षा माणसांचा आहे. रिस्पॉन्स इंटरसेप्टरमध्ये रिक्वेस्ट हाताशी आली की मोह होतो: सगळंच लॉगमध्ये टाकू, कधीतरी उपयोगी पडेल. अख्खी क्वेरी स्ट्रिंग, अख्खा मजकूर. 2021 पर्यंत लागू असलेले आधार पडताळणीचे 2016 चे नियम याबाबत वाचण्यासारखे आहेत. पडताळणी मागणाऱ्या संस्थेने रिक्वेस्टचे ठरावीक पॅरामीटर आणि उत्तराचे ठरावीक पॅरामीटर यांची नोंद ठेवावी, असं ते सांगत. पण बोटांचे ठसे वगैरे ज्यात असतात ती वैयक्तिक माहिती कोणत्याही परिस्थितीत साठवायची नाही, हेही तिथेच सांगितलं होतं. 'ठरावीक' हा शब्द मोलाचा आहे. काय वगळायचं याची यादी करू नका, काय ठेवायचं याची यादी करा. उद्या कोणी नवीन पॅरामीटर घातला, ओटीपी किंवा पासवर्ड, तर वगळायच्या यादीत तो नसेल आणि थेट लॉगमध्ये जाईल. ठेवायच्या यादीत नसेल तर आपोआप बाहेर राहील.

तसंच, बाहेरून आलेलं मूल्य उत्तरात परत पाठवताना ते आधी तपासा. व्यवहार क्रमांकाला लांबीची मर्यादा घाला, अक्षरं आणि अंक एवढंच चालेल असं ठरवा. क्रमांकाच्या नावाखाली कोणी नवी ओळ पाठवली आणि तुम्ही ती लॉगमध्ये लिहिलीत, तर लॉगमध्ये खोटी नोंद तयार होते. स्क्रिप्ट पाठवली आणि तुम्ही ती एरर पानावर छापलीत, तर ती वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. पोचपावतीवर पत्ता दुसऱ्याने लिहिलेला असतो, म्हणून पोस्टात टाकण्याआधी तो वाचायचा.

एक टेस्ट सांगतो आणि थांबतो. उद्या ऑफिसात गेल्यावर ही करा, अर्धा तास लागेल. एक अशी मेथड घ्या जी मुद्दाम थोडं थांबते, दर वेळी कमी-जास्त. तिला एकाच वेळी दोनशे-तीनशे रिक्वेस्ट पाठवा, प्रत्येकीचा क्रमांक वेगळा. काहींचा मजकूर मुद्दाम मोडका ठेवा, काहींची ओळख चुकीची द्या, काहींचा पत्ता चुकवा. आलेल्या प्रत्येक उत्तरात तोच क्रमांक आहे का, हे प्रोग्रामलाच तपासायला लावा. मोडक्या मजकुराला तुमचा स्वतःचा क्रमांक आला का, तेही बघा. एकही चुकला तर मूल्य कुठे ठेवलंय ते शोधा. बहुतेक वेळा ते एखाद्या फील्डमध्ये किंवा न पुसलेल्या थ्रेडलोकलमध्ये सापडेल. ही टेस्ट बिल्डमध्ये कायमची टाकून ठेवा, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन माणूस सोयीसाठी ते फील्ड पुन्हा घालणार आहे आणि तेव्हा सांगायला तुम्ही तिथे नसाल, पण टेस्ट असेल.

प्रश्न असतील तर घेतो.